ढाक्याहून गेलेली तार आणि आपली साक्ष

आपल्याकडे ‘बांगलादेशी’ हा शब्द एका देशाच्या नागरिकासाठी आता क्वचितच वापरला जातो. बांधकामावरचा गवंडी, भंगार गोळा करणारा, जरीकाम करणारा मुलगा फोनवर बंगालीत बोलताना ऐकू आला, की हा शब्द कुणीतरी उच्चारतो. मुर्शिदाबाद, मालदा, बर्धमान हे भारतातले जिल्हे आहेत हे त्या क्षणी कुणाला आठवत नाही. जून 2025 मध्ये पश्चिम बंगालमधल्या काही मजुरांना मुंबई परिसरातून उचललं गेलं आणि थेट सीमेपलीकडे ढकललं गेलं. ते भारतीय असल्याचं समोर आल्यावर त्यांना परत आणावं लागलं.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू आपल्याच मोबाइलवर सापडते. ऑगस्ट 2024 मध्ये शेख हसीनांना ढाका सोडावं लागलं. त्यानंतर पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यात पुन्हा भेटीगाठी सुरू झाल्या. तेव्हा आपल्या काही व्हॉट्सॲप गटांत ‘बिछडलेले दोन भाऊ पुन्हा एकत्र’ अशा थाटाचे मजकूर फिरले. पाठवणाऱ्यांत शिकलेली, समंजस मुलंही असतात. त्यांना विचारलं, की हे भाऊ वेगळे का झाले होते, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘भारतानं तोडलं.’

शिवी देणारा आणि फॉरवर्ड पाठवणारा, दोघांनीही 1971 वाचलेलं नाही. म्हणून आज एका तारेविषयी लिहायचं आहे. ती एका अमेरिकन अधिकाऱ्यानं पाठवली, पण तिच्यातला प्रश्न आपल्या घरातला आहे. जुल्म करणारा ‘आपला’ असेल तर आपण काय करतो?

तार काय होती?

आर्चर केंट ब्लड हे 1970 पासून ढाक्यात अमेरिकेचे महावाणिज्यदूत होते. ते राजकीय नेमणुकीनं आलेले नव्हते. परराष्ट्र सेवेत पायरी पायरीनं वर आलेले, सरकारी चाकोरीतले अधिकारी होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ढाक्यात एकदा नोकरी केली होती, त्यामुळे शहर आणि माणसं ओळखीची होती.

त्यांच्या डोळ्यांदेखत तीन मोठ्या घटना घडल्या. नोव्हेंबर 1970 मध्ये चक्रीवादळानं पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर लाखो माणसं नेली आणि इस्लामाबादच्या सरकारनं मदतीत दिरंगाई केली. 7 डिसेंबर 1970 ला पाकिस्तानात प्रौढ मताधिकारानं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं पूर्वेकडच्या 162 पैकी 160 जागा जिंकल्या. राष्ट्रीय असेंब्लीच्या 300 सर्वसाधारण जागांत हे स्पष्ट बहुमत होतं. झुल्फिकार अली भुट्टो यांच्या पक्षाला 81 जागा मिळाल्या. सरळ हिशोबानं मुजीब पंतप्रधान व्हायला हवे होते. पण 1 मार्च 1971 ला जनरल याह्याखान यांनी असेंब्लीचं अधिवेशनच पुढे ढकललं. पूर्व बंगाल रस्त्यावर उतरला. आणि 25 मार्चच्या रात्री लष्करानं ‘ऑपरेशन सर्चलाइट’ सुरू केलं.

त्या रात्री ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांवर तोफगोळे पडले. हिंदू विद्यार्थी राहत त्या जगन्नाथ हॉलमध्ये कत्तल झाली. प्राध्यापक त्यांच्या घरांतून बाहेर काढून मारले गेले. जुन्या ढाक्यातल्या हिंदू वस्त्या जाळल्या गेल्या. बंगाली पोलिसांच्या राजारबाग इथल्या तळावर हल्ला झाला. परदेशी पत्रकारांना हॉटेलात कोंडून नंतर देशाबाहेर पाठवण्यात आलं. बाहेरच्या जगाला काही कळू नये, अशीच सगळी व्यवस्था होती.

अमेरिकन कचेरीत मात्र वायरलेस यंत्र होतं. ब्लड आणि त्यांचे सहकारी शहरात फिरून, माणसांना भेटून जे कळेल ते वॉशिंग्टनला कळवत राहिले. 28 मार्चच्या तारेला त्यांनी शीर्षकच ‘निवडक वंशसंहार’ असं दिलं. अवामी लीगचे कार्यकर्ते, विद्यार्थी, प्राध्यापक आणि हिंदू यांना हेरून मारलं जातंय, हे त्यांना दिसत होतं. ब्लड यांनी एकच बाजू लिहिली असंही नाही. उर्दूभाषक बिहारींवर बंगाली जमावांनी केलेल्या हल्ल्यांचीही त्यांनी नोंद ठेवली. जे पाहिलं ते लिहायचं, एवढाच त्यांचा बाणा होता.

वॉशिंग्टनहून उत्तर नाही. निषेधाचा एक शब्द नाही. अखेर 6 एप्रिल 1971 ला ढाक्यातल्या वीस अमेरिकन अधिकाऱ्यांनी स्वतःच्याच सरकारच्या धोरणाशी असहमती नोंदवणारी तार पाठवली. मसुदा खालच्या हुद्द्यावरच्या तरुण अधिकाऱ्यांनी तयार केला होता. आशय थेट होता. आपल्या सरकारनं लोकशाही चिरडली जाताना निषेध केला नाही, अत्याचारांचा निषेध केला नाही, उलट पश्चिम पाकिस्तानच्या हातातल्या सरकारला खूश ठेवण्याची धडपड केली. हे नैतिक दिवाळं आहे, असं त्यांनी लिहिलं. वंशसंहार हा शब्द जगात फार वापरून झिजला असला तरी इथे तो लागू पडतो, असंही लिहिलं.

ब्लड यांनी प्रमुख अधिकारी म्हणून त्या निवेदनावर सही केली नाही, पण खाली स्वतःची टीप जोडली. हे माझे उत्तम सहकारी आहेत आणि त्यांचं मत मला मान्य आहे, असं त्यांनी कळवलं. पुढे एक व्यवहाराचं वाक्यही जोडलं. या संघर्षाचा शेवट स्वतंत्र बांगलादेशात होण्याची शक्यता जास्त आहे, मग हरणाऱ्या बाजूला आंधळा पाठिंबा देण्यात शहाणपण काय? आठ महिन्यांनी नेमकं तेच झालं.

मोठ्यांचं गणित

ही तार वाचून व्हाइट हाउसमध्ये राग उसळला तो अत्याचारांवर नव्हे, ब्लड यांच्यावर. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर त्या वेळी चीनशी गुपचूप बोलणी जुळवत होते आणि मध्यस्थ होते याह्याखान. जुलै 1971 मध्ये किसिंजर पाकिस्तानात असताना पोट बिघडल्याचं निमित्त करून गायब झाले आणि बीजिंगला जाऊन आले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या एका विमानप्रवासासाठी ढाक्यातल्या प्रेतांकडे पाठ फिरवली गेली. याह्यांवर सध्या दबाव आणू नका, असा शेरा निक्सन यांनी एप्रिलअखेरीस एका टिपणावर स्वतःच्या हातानं लिहिला. तो कागद आज उपलब्ध आहे.

ब्लड यांची ढाक्यातून उचलबांगडी झाली. पुढे अनेक वर्षं त्यांनी नोकरी केली, दिल्लीच्या दूतावासातही वरिष्ठ पदावर होते, पण राजदूतपद त्यांना कधी मिळालं नाही. त्यांच्याच सहकाऱ्यांच्या संघटनेनं 1971 मध्ये असहमतीच्या धैर्यासाठी त्यांना पुरस्कार दिला. 2004 मध्ये ते वारले. ढाक्यातल्या अमेरिकन सेंटरच्या ग्रंथालयाला नंतर त्यांचं नाव देण्यात आलं. ज्या सरकारनं त्यांना बाजूला सारलं, त्याच सरकारचा त्या देशातला मान आज त्यांच्या नावावर उभा आहे.

ब्लड यांना देवत्व देण्याचं कारण नाही. ते आपल्या देशाच्या हिताचीच नोकरी करत होते. त्यांनी राजीनामा दिला नाही, कागद चोरून वर्तमानपत्राला दिले नाहीत. असहमती कळवण्याची जी अधिकृत वाट तेव्हा नुकतीच खुली झाली होती, तिच्यातून ते गेले. तारेवर गुप्ततेचा शिक्का त्यांनी हलकाच ठेवला, त्यामुळे ती खात्यात पुष्कळ जणांच्या टेबलावर पोहोचली. नियमांत राहूनही सत्य किती दूर नेता येतं, हे त्यात दिसतं.

पाकिस्तानातले साक्षीदार

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल. पण ब्लड यांची गोष्ट एवढीच सांगितली, तर ‘गोऱ्या साहेबानं मुसलमानांचा जुल्म उघड केला’ असा तिचा अर्थ लावला जातो, आणि आपल्या तरुणाला ती परकी वाटते. म्हणून त्याच काळातली दुसरी नावंही सांगायला हवीत.

6 एप्रिल 1971, म्हणजे ढाक्याहून ती तार गेली त्याच तारखेला, दिल्लीतल्या पाकिस्तानी दूतावासातल्या के. एम. शहाबुद्दीन आणि अमजदुल हक या दोन बंगाली अधिकाऱ्यांनी पाकिस्तानची नोकरी सोडून बांगलादेशशी निष्ठा जाहीर केली. तोवर बांगलादेशचं सरकार शपथ घेऊन उभंही राहिलेलं नव्हतं. पगार, घर, पासपोर्ट, सगळं एका रात्रीत गेलं. 18 एप्रिलला कलकत्त्यातले पाकिस्तानचे उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी आपल्या बंगाली कर्मचाऱ्यांसह कचेरीवर नवा झेंडा लावला. ब्लड यांची बढती गेली. या माणसांनी तर देशच पणाला लावला.

पाकिस्तानी लष्करातही नकार देणारा माणूस होता. पूर्वेकडच्या फौजेचे प्रमुख लेफ्टनंट जनरल साहबजादा याकूब खान यांनी मार्च 1971 मध्ये राजीनामा दिला. राजकीय प्रश्न बंदुकीनं सुटणार नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांचा हुद्दा उतरवण्यात आला. तेच पुढे पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री झाले. गव्हर्नर ॲडमिरल एहसान यांचाही लष्करी कारवाईला विरोध होता आणि त्यांनाही पद सोडावं लागलं.

पत्रकारांतलं नाव तर आपल्या भागाशी जोडलेलं आहे. अँथनी मस्करेन्हस यांचा जन्म बेळगावातला, घराणं गोव्याचं, पत्रकारिता कराचीतली. एप्रिल 1971 मध्ये पाकिस्तानी लष्करानं काही पत्रकारांना ‘परिस्थिती सुरळीत आहे’ हे दाखवायला पूर्वेकडे नेलं. बाकीच्यांनी सांगितलं तसं लिहिलं. मस्करेन्हस यांनी आधी बायकामुलांना देशाबाहेर काढलं, मग लंडन गाठलं. 13 जून 1971 च्या ‘संडे टाइम्स’मध्ये त्यांचा वृत्तान्त आला आणि जगाला डोळे चोळावे लागले. राहतं घर आणि जमलेलं करिअर मागे टाकून त्यांना परक्या देशात नव्यानं सुरुवात करावी लागली.

कवी हबीब जालिब यांनी लाहोरात बसून या कारवाईविरुद्ध कविता लिहिल्या. मलिक गुलाम जिलानी यांनी विरोध केला आणि त्यांना स्थानबद्ध करण्यात आलं. त्यांच्या सुटकेसाठी अर्ज करणारी त्यांची मुलगी तेव्हा जेमतेम विशीची होती. त्या खटल्यात 1972 मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयानं याह्याखान यांची राजवट बेकायदा ठरवली. ती मुलगी म्हणजे आस्मा जहांगीर. 2013 मध्ये बांगलादेशनं मुक्तिसंग्रामाचे मित्र म्हणून ज्यांचा सन्मान केला, त्यांत जालिब होते, फैज होते आणि जिलानीही होते. वडिलांचा सन्मान घ्यायला आस्मा ढाक्याला गेल्या.

ही माणसं आपल्या शाळेच्या पुस्तकात नाहीत, पाकिस्तानच्याही नाहीत. ‘मुसलमान मुसलमानाविरुद्ध बोलत नाही’ असं म्हणणाऱ्यांना, मग ते आपल्यातले असोत की आपल्यावर बोट ठेवणारे असोत, ही यादी दाखवायला हवी.

उम्मतच्या नावानं

पाकिस्तान एका दाव्यावर उभा राहिला: धर्म एक म्हणजे राष्ट्र एक. पहिला तडा पडला तो भाषेवरून. मार्च 1948 मध्ये जिना ढाक्यात म्हणाले, की राज्याची भाषा उर्दूच असेल. देशात सर्वाधिक लोक बंगाली बोलत होते. 21 फेब्रुवारी 1952 ला बंगालीसाठी निदर्शनं करणाऱ्यांवर गोळीबार झाला. सलाम, बरकत, रफिक, जब्बार ही मेलेल्यांची नावं. मुस्लीम राष्ट्रात, मुस्लीम पोलिसांच्या गोळीनं, मातृभाषेसाठी मेलेले मुस्लीम. जागतिक मातृभाषा दिन त्यांच्या आठवणीत साजरा होतो.

कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या मुलांना घरात मराठी बोलल्याबद्दल ‘पक्के मुसलमान वाटत नाही’ असं ऐकावं लागतं, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. बंगाली मुसलमानाला हेच ऐकवलं गेलं होतं. तो अर्धा हिंदू आहे, त्याची भाषा हिंदूंची, त्याची गाणी हिंदूंची, त्याचा इस्लाम कच्चा. माणसाला आधी कमअस्सल ठरवलं, की मग त्याच्यावर बंदूक रोखायला फार विचार करावा लागत नाही.

आणि जे खरोखरच हिंदू होते, त्यांचं काय झालं? भारतात आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांत बहुसंख्य हिंदू होते. मारणाऱ्यांच्या तोंडी मजहबचं नाव होतं. 7 डिसेंबर 1971 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव 104 विरुद्ध 11 मतांनी मंजूर झाला, तेव्हा बहुतेक मुस्लीम देश पाकिस्तानच्या बाजूनं उभे होते. तोवर कत्तलीला आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत उम्मतला बंगाली मुसलमान दिसला नव्हता.

भारतातलं मुस्लीम नेतृत्वही तेव्हा बरंचसं गोंधळलेलं होतं. पाकिस्तान फुटू नये ही हळहळ आणि निर्वासितांचं दुःख यांत अनेकांना स्पष्ट बोलता आलं नाही. हे कबूल करण्यानं आपण लहान होत नाही. उलट कबूल केलं नाही, तर तीच चूक वेगवेगळ्या रूपांत पुन्हा होत राहते.

कुरआनात सूरह निसाची 135 वी आयत आहे. इन्साफावर ठाम उभे राहा, साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध जाणारी असो, आईवडिलांविरुद्ध असो की नातलगांविरुद्ध, असा तिचा आशय आहे. जुम्याच्या खुतब्यात आपण ती अनेकदा ऐकतो. दुसऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला आयतीची गरज पडत नाही. ती गरज आपल्या माणसाविरुद्ध बोलताना पडते. याकूब खान, जिलानी, शहाबुद्दीन यांनी त्या वेळी जे केलं, ते याहून वेगळं काय होतं?

न मिटलेला हिशोब

16 डिसेंबर 1971 ला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली. सुमारे 93 हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले. पुढे एप्रिल 1974 मध्ये तिन्ही देशांत करार झाला आणि ज्या 195 पाकिस्तानी कैद्यांवर युद्धगुन्ह्यांचा खटला चालवायचा होता, त्यांना बांगलादेशनं सोडून दिलं. पाकिस्ताननं ‘जे काही गुन्हे घडले असतील’ त्यांबद्दल खेद व्यक्त केला. ‘असतील’ या शब्दातच सगळी गोम आहे. 2002 मध्ये जनरल मुशर्रफ यांनी ढाक्यात पुन्हा खेद व्यक्त केला. ऑगस्ट 2025 मध्ये पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इसहाक दार ढाक्यात म्हणाले, की हा प्रश्न दोनदा मिटलेला आहे. बांगलादेशच्या परराष्ट्र सल्लागारांनी लगेच सांगितलं, की आम्हाला तसं वाटत नाही. हसीनांचं सरकार गेलं, भारताशी कटुता आली, तरी 1971 चा हिशोब ढाका सोडायला तयार नाही. ‘दोन भाऊ एकत्र’ फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मृतांच्या आकड्यांतही हाच हिशोब अडकलेला आहे. बांगलादेश 30 लाख म्हणतो. पाकिस्ताननंच नेमलेल्या हमूदुर रहमान आयोगानं लष्कराकडून आलेला 26 हजारांचा आकडा मान्य केला. त्याच आयोगानं लष्करी अधिकाऱ्यांच्या वर्तनावर कठोर ताशेरेही ओढले, म्हणून अहवाल तीस वर्षं दडपून ठेवला गेला. सत्य दाबून ठेवलं, की शेजारी शेजाऱ्यावर विश्वास ठेवत नाही आणि स्वतःच्या मुलांनाही धड इतिहास सांगता येत नाही.

बिहारींचा प्रश्नही याच हिशोबातला आहे. फाळणीनंतर बिहारमधून पूर्व पाकिस्तानात गेलेले उर्दूभाषक मुसलमान 1971 नंतर कुणाचेच राहिले नाहीत. त्यांच्यातल्या काहींनी लष्कराला साथ दिली, आणि त्याची शिक्षा सगळ्यांना मिळाली. पाकिस्ताननं थोडे नेले आणि बाकीचे मागे ठेवले. ढाक्यातल्या मोहम्मदपूरच्या जिनिव्हा कॅम्पमध्ये पिढ्या गेल्या. 2008 मध्ये ढाक्याच्या उच्च न्यायालयानं त्यांच्या नागरिकत्वाच्या बाजूनं निकाल दिला, तेव्हा कुठे मतदार यादीत नाव लागलं. मुस्लीम राष्ट्रासाठी घर सोडलेल्या माणसाला दोन मुस्लीम राष्ट्रांनी नाकारलं, ही गोष्ट आपल्याकडच्या भावनिक भाषणांत कधी येत नाही.

भारतानं तेव्हा एक कोटी माणसांना आसरा दिला. यात देशाचं हित होतंच, आणि माणुसकीही होती. बंगाल, त्रिपुरा, मेघालय, आसाम इथल्या गरिबांनी आपली भाकर वाटून घेतली. त्यानंतरही दोन्ही देशांनी अवघड प्रश्न बसून सोडवल्याचे दाखले आहेत. 1996 मध्ये गंगेच्या पाण्याचा 30 वर्षांचा करार झाला. 2015 मध्ये एकमेकांच्या पोटात अडकलेल्या 162 वस्त्यांची अदलाबदल झाली आणि तिथल्या माणसांना पहिल्यांदा देश मिळाला. तिस्तेचं पाणी अजून अडलेलं आहे. चार हजार किलोमीटरहून लांब सीमा असलेल्या शेजाऱ्याशी असंच, एकेक गाठ सोडवत राहावं लागतं. त्या देशाचं नाव शिवीसारखं वापरून ते होणार नाही. एका भारतीय गवंड्याला ‘बांगलादेशी’ म्हणून ढकललं जातं, तेव्हा फसवणूक त्या गवंड्याची होते, आणि 1971 मध्ये आपण जे कमावलं त्याचीही होते.

आपली पाळी

बांगलादेशात ऑगस्ट 2024 नंतर हिंदूंच्या घरांवर, दुकानांवर, देवळांवर हल्ले झाले. त्या बातम्यांत काही खोट्याही मिसळल्या, जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरले, हे खरं आहे. पण सगळंच खोटं नव्हतं. तेव्हा आपल्यातल्या अनेकांची पहिली प्रतिक्रिया होती, ‘प्रचार आहे’. दुसरी होती, ‘इथे आमच्यावर होतं तेव्हा कोण बोलतं?’

दुसरा प्रश्न रास्त आहे, तो विचारलाच पाहिजे. पण तो विचारून आपली जबाबदारी संपत नाही. आपण इथे अल्पसंख्याक म्हणून घटनेचा आधार मागतो. शेजारच्या देशातला हिंदू तिथे तेच मागतो. त्याची मागणी आपल्याला ऐकू येत नसेल, तर आपली मागणी इतरांनी का ऐकावी? आपण तोंड उघडलं की आपल्याला ‘देशभक्तीचा दाखला’ मागणारे खूश होतील, अशी भीती काहींना वाटते. मला वाटतं, तिचा विचारच करू नये. आपण बोलायचं ते दाखल्यासाठी नाही. हकनाक मारल्या जाणाऱ्या माणसाचं नाव विचारायचं नाही, ही आपलीच शिकवण आहे, म्हणून बोलायचं.

यावर एक आक्षेप येतो: आपण बोलून काय होणार? ब्लड यांच्या तारेनं काय झालं? निक्सन बदलले नाहीत, कत्तल थांबली नाही. हा आक्षेप खोडता येत नाही. तारेनं त्या वेळी एकही जीव वाचला, असं मी म्हणणार नाही. पण तार नसती तर आज ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं वॉशिंग्टनला म्हणता आलं असतं. आता ते म्हणता येत नाही. वीस माणसांनी लिहून ठेवलं, तारीख घालून ठेवलं. साक्षीचं काम अनेकदा एवढंच असतं. इन्साफ उशिरा आला, तरी त्याला उभं राहायला कागद लागतो.

म्हणून तरुणांना माझं सांगणं साधं आहे. तुमच्यातले कुणी एमपीएससी-यूपीएससीची तयारी करताहेत, कुणी वकील होताहेत, कुणी पत्रकार, कुणी ग्रामपंचायतीत लिपिक, कुणी शाळेत शिक्षक. तुमच्या टेबलावर एक दिवस असा कागद येईल, ज्यावर खोटं लिहायला सांगितलं जाईल, किंवा खरं न लिहिता पुढे सरकवायला. तो कागद एखाद्या बंगाली मजुराच्या नागरिकत्वाचा असेल, दंगलीच्या पंचनाम्याचा असेल, किंवा तुमच्याच जमातीच्या संस्थेतल्या घोटाळ्याचाही असेल. तेव्हा राजीनामा देऊन हुतात्मा व्हायची गरज नाही. नियमात राहून, नाव घालून, तारीख घालून खरं लिहा आणि त्याची एक प्रत जपून ठेवा. बढती जाईल कदाचित. ब्लड यांची गेली होती.

आणि आजपासून करता येईल अशी एक गोष्ट. पुढच्या वेळी गटात बांगलादेशविषयी काही आलं, शिवी असो की भाईचाऱ्याचं फॉरवर्ड असो, तर पुढे ढकलण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा, 25 मार्च 1971 ला ढाक्यात काय झालं होतं? उत्तर आलं नाही, तर तुम्ही सांगा.